फ्रीजमधले रावसाहेब

पाळायच्या जनावराचा काहीतरी उपयोग असला पाहिजे, यावर आमच्या नागापुरात दुमत नाही. गाय दूध देते, कुत्रं भुंकतं, कोंबडी अंडं देते आणि पाहुणा आला की स्वतःलाही देते. आरोग्य खात्याचा माणूस हौदात गप्पी मासे सोडून जातो, ते डासांच्या अळ्या खायला. मांजराबद्दल थोडा मतभेद आहे, पण तेही उंदराच्या भरवशावर खपून जातं. तसं नागापूर आता गाव राहिलेलं नाही. मनमाड रस्त्याला एमआयडीसी आली, सीनेच्या अंगानं कॉलन्या झाल्या, महापालिकेनं सगळं पोटात घेतलं. मात्र शेजाऱ्यानं नवीन काय आणलं हे गच्चीवरून वाकून बघायची सवय अजून गावाचीच आहे. अशा ठिकाणी आमच्या चिरंजीवांनी ॲक्सोलॉटल पाळला.

तो यायच्या आधी महिनाभर टाकी रिकामी चालली. म्हणजे चार फुटी काचेत पाणी होतं, तळाला बारीक वाळू होती, स्पंज फिल्टर बुडबुडत होता आणि आत कुणीही नव्हतं. “मासे गेले वाटतं?” असं म्हणत लोक सांत्वनाला येऊन गेले. चिरंजीव प्रत्येकाला शांतपणे सांगायचे की आत जिवाणू वाढतायत. प्राण्याच्या घाणीतून अमोनिया तयार होतो, तो विषारी. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारी. मग दुसऱ्या जातीचे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, ते थोडंफार चालतं. ही मंडळी स्पंजात वस्तीला यायला चार ते सहा आठवडे घेतात. मी जन्म कारखान्यात काढलेला, त्यामुळे माल न काढता मशीन फिरवून बघणं मला समजतं. पण न दिसणाऱ्या जिवांच्या नावानं लाइटबिल का भरायचं, हे काही हिला शेवटपर्यंत पटलं नाही.

पाण्याचीही तऱ्हा. नळाला येतं ते मुळा धरणाचं, टीसीएल पावडर मारलेलं. त्यात जीव सोडायचा तर बादल्या रात्रभर उघड्या ठेवायच्या, नाहीतर अँटीक्लोरचे थेंब टाकायचे. “हेच पाणी पिऊन आम्ही लहानाचे मोठे झालो,” असं मी एकदा म्हणालो. “तेच म्हणतोय मी,” असं उत्तर आलं.

शेवटी एका संध्याकाळी चिरंजीव थर्माकोलचा खोका मांडीवर घेऊन पुण्याहून एसटीनं तारकपूर स्टँडवर उतरले आणि आतला ऐवज टाकीत गेला. वीतभर लांब, गुलाबी पांढरा, चार आखूड पाय, मानेच्या दोन्ही बाजूंना लाल पिसाऱ्यासारखे तीन-तीन कल्ले. डोळ्यांना पापण्या नाहीत आणि तोंडावर कायमचं हसू. आईनं, म्हणजे चिरंजीवांच्या आजीनं, चष्मा पुसून पाहिलं आणि म्हणाली, “आरं, ही तर पाल हाये!”

आमच्या घरी पालीचा विषय हलका नाही. पाल अंगाच्या कुठल्या भागावर पडली म्हणजे काय फळ मिळतं, याची पल्लीपतनाची यादी पंचांगात छापलेली असते आणि आईला ती पाठ आहे. पण पाण्यात पडलेल्या आणि तिथेच राहायला लागलेल्या पालीचं फळ त्या यादीत नव्हतं. चिरंजीवांनी खुलासा केला की पालीला खवले असतात, याला नाहीत; हा सॅलमँडर, बेडकाच्या भावकीतला. बेडूक म्हटल्यावर आई आणखी एक पाऊल मागे सरकली. मग त्यानं हुकमी पान टाकलं. मेक्सिकोच्या ॲझ्टेक लोकांचा शोलोटल नावाचा देव होता. सगळ्या देवांनी बळी जायचं ठरलं तेव्हा हा पळाला. आधी मक्याच्या रोपात लपला, मग घायपातात, शेवटी पाण्यात शिरून ॲक्सोलॉटल झाला आणि तिथे सापडला. “पळाला, म्हंजी शहाणा हुता,” आई म्हणाली आणि तिथल्या तिथे तिनं त्याचं नाव रावसाहेब ठेवलं. त्याच ॲझ्टेकांनी त्याला आवडीनं खाल्लंही, हे आम्ही तिच्यापासून लपवलं. शेजारच्या काकांपासून लपवता आलं नाही, कारण त्यांचा पहिला प्रश्नच तो होता.

खाण्याखालोखाल औषध. रावसाहेबांचा पाय तुटला तर काही आठवड्यांत नवा येतो, हाडासकट, बोटांसकट. शेपूट येते, डोळ्याचा नि हृदयाचा काही भागसुद्धा भरून येतो. जगभरच्या प्रयोगशाळा या नि अशा कारणांनी दीडशे वर्षांहून जास्त काळ याला पाळत आल्या आहेत. ही माहिती चिरंजीवांनी विज्ञानाच्या प्रेमापोटी दिली, पण आई गुडघ्यावर हात ठेवून ऐकत होती. “याचं तेल निघतं का रं?” आठवडी बाजारात सांड्याचं तेल विकणारे बघत मोठी झालेली बाई, तिचा प्रश्न गैर नव्हता. गंमत म्हणजे मेक्सिकोतल्या पात्स्क्वारो गावच्या जोगिणी रावसाहेबांच्या एका चुलतभावापासून खरोखरच खोकल्याचं औषध करत आल्या आहेत. गुडघ्याचं मात्र कुणी करत नाही. आईचा रस तिथे संपला.

आता माझं मत. एवढी मोठी टाकी आणि आत एक जीव, हे मला बघवत नव्हतं. “चार मासे सोड की सोबतीला. आम्ही तिघे भाऊ एका खोलीत वाढलो,” मी म्हणालो. त्यावर मला जे ऐकावं लागलं ते असं. गप्पी सोडला तर रावसाहेब तोंड उघडून पाणी आत ओढतात आणि गप्पी त्यासोबत जातो. गोल्डफिश थंड पाण्याचा खरा, पण त्याला ते लाल कल्ले गांडुळासारखे दिसतात, तो ओढून ओढून तोडतो. सकर मासा काच साफ ठेवील म्हणून लोक आणतात, तो रात्री रावसाहेबांच्या अंगाला चिकटून त्यांची कातडी साफ करतो. शिवाय सकर टाकीत मावेनासा झाला की हेच हौशी लोक त्याला जवळच्या पाण्यात सोडून येतात. आता तो उजनी धरणाच्या कोळ्यांच्या जाळ्यात येतो आणि काट्यांनी जाळी फाडतो. शिंगाळा गिळला तर काटा घशात अडकून दोघेही जातात. आणि मुळेतली वाम किंवा मरळ आणली तर प्रश्न मिटतोच, कारण मग रावसाहेब उरत नाहीत.

“बरं, याच्याच नात्यातलं कुणी?” मी चिकाटी सोडली नव्हती. नात्यातला न्यूट. लालपोट्या जपानी न्यूटच्या कातडीत विष असतं, आपल्या कोकणातल्या केंड माशात असतं तेच. वर तो ओल्या काचेवरून चढून बाहेर पडतो आणि कपाटामागे वाळलेला सापडतो. मग दुसरा ॲक्सोलॉटलच आणला तर? तर लहानपणी ते एकमेकांचे पाय खातात. “पण पाय परत येतो, पप्पा,” चिरंजीव म्हणाले. आम्हा तिघा भावांचं पुढे सातबाऱ्यावरून काय झालं हे घरात सगळ्यांना ठाऊक असल्यानं मी विषय वाढवला नाही.

सरकारदरबारीही रावसाहेब एकटेच. सोचिमिल्कोच्या कालव्यांत, म्हणजे त्यांच्या मूळ गावी, ही जमात संपत आली आहे. दुकानात ढिगानं मिळणारे सगळे पाळीव वंशातले. तरी आंतरराष्ट्रीय व्यापारावर नजर ठेवायच्या यादीत नाव आहे, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाल्यावर ती यादी आपल्याकडेही लागू झाली. २०२४ च्या नियमांप्रमाणे असा जीव घरात असला तर परिवेश पोर्टलवर नोंद करायची, पिल्लं झाली तर कळवायचं, दुसऱ्याला दिला तर कळवायचं, मेला तरी कळवायचं. चिरंजीवांनी सगळं रीतसर भरलं. आमच्या रेशनकार्डावर थोरल्या सुनेचं नाव चढायला किती हेलपाटे पडले ते आठवून ही बराच वेळ त्या स्क्रीनकडे बघत होती.

जेवणाचं सांगायला हवं. यांना गांडूळ लागतं. राहुरीच्या आमच्या मेहुण्यांकडे गांडूळखताचे वाफे आहेत, तिथून मी हौसेनं डबाभर आणली. रावसाहेबांनी एक तोंडात घेतलं आणि थुंकलं. खताच्या तांबड्या गांडुळाला डिवचलं की ते कडवट रस सोडतं म्हणे. त्यांना शेतातलं, ओल्या मातीतलं, साधं गांडूळ हवं. निवृत्तीनंतर सकाळी फिरायला जा, असं डॉक्टर सांगत होते. तेव्हापासून मी खुरपं घेऊन जातो.

पण मला खरा जिव्हाळा लागला तो त्यांच्या मोठं न होण्यामुळे. बाकीचे पुष्कळ सॅलमँडर लहानपणी पाण्यात असतात, मग कल्ले गळतात, फुफ्फुसांचा संसार सुरू होतो आणि ते जमिनीवर येतात. ॲक्सोलॉटल येत नाही. वयात येतो, त्याला पोरं होतात, तरी राहतो तो कल्लेवाला बाळच. १८६४ मध्ये मेक्सिकोतून पॅरिसला असे ३४ आले, त्यांतले सहा ओग्युस्त दुमेरिल नावाच्या प्राध्यापकाकडे गेले. पुढच्या वर्षी त्यांना पिल्लं झाली आणि त्या पिल्लांतल्या काहींनी कल्ले टाकून दिले. प्राध्यापक चक्रावले. पोरं प्रौढ झाली होती आणि आईबाप बाळच राहिले होते! पुढे १९२० मध्ये ज्युलियन हक्सलीनं ॲक्सोलॉटलला बैलाची थायरॉइड ग्रंथी खाऊ घातली, तेव्हा काही आठवड्यांत ते कल्ले टाकून बाहेर यायला निघाले. म्हणजे अडलं होतं ते थायरॉइडच्या हुकमापाशी, ज्याला आयोडीन लागतं. हे ऐकून ही स्वयंपाकघरात गेली आणि मिठाच्या पुडीवर आयोडीनयुक्त लिहिलंय का ते पाहून आली. आमचे चिरंजीव तिशीला टेकलेत, लग्नाचं नाव काढलं की टाकीतलं पाणी बदलायला उठतात. “तीस वर्षं हेच मीठ घालतेय मी,” ती म्हणाली.

मग उन्हाळा आला. रावसाहेबांना लागतं सोळा ते अठरा अंश. नागापुरात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि गच्चीवरच्या टाकीतलं पाणी थेट चहाला घेता येतं. पाणी गार करणाऱ्या चिलरची किंमत ऐकून मी तो विषय फ्रीजच्या किमतीशी ताडून पाहिला आणि बंद केला. आधी टाकीवर टेबलफॅन लावला. आपली हवा कोरडी, त्यामुळे माठाच्या नियमानं पाणी तीन-चार अंशांनी उतरायचं. पण चौतीसवरून तीसवर येऊन कुणाचं भलं होणार? मग बर्फाच्या बाटल्या. फ्रीझरमधून आमरसाचे डबे हटले, नातवंडांची कुल्फी हटली. वीज गेली की घरातले सगळे घाम पुसत आधी टाकीतला थर्मामीटर बघायचे. एवढं करूनही त्यांच्या कल्ल्यांवर कापसासारखी बुरशी धरली. तेव्हा चिरंजीवांनी शेवटचा उपाय काढला, जो जगभरचे हौशी लोक अशा वेळी करतात: रावसाहेब झाकणाला भोकं पाडलेल्या डब्यात बसून फ्रीजमध्ये गेले. खालच्या कप्प्यात, कोथिंबिरीशेजारी.

त्याच आठवड्यात पारनेरकडचं स्थळ बघायला आलं. मुलगी सुप्याच्या एमआयडीसीत एका कंपनीच्या प्रयोगशाळेत कामाला. कांदेपोहे झाले, पत्रिकेतले छत्तीसपैकी सत्तावीस गुण जुळल्याचं सांगून झालं. मुलीची आत्या मोकळ्या स्वभावाची. “तुम्ही बसा हो, मी घेते पाणी,” म्हणत ती आत गेली. कसला डबा म्हणून तिनं झाकण उघडलं असणार. तिची किंकाळी बहुधा विळद घाटापर्यंत गेली.

सगळे धावले. आत्या ओट्याला टेकून उभी, डबा हातात तसाच आणि रावसाहेब तिच्याकडे बघून हसतायत. मी समजुतीचे शब्द शोधत होतो. ही मनातल्या मनात पुढचं स्थळ शोधत होती. तेवढ्यात मुलगी पुढे आली, तिनं आत्याच्या हातून डबा घेतला, उजेडाकडे धरला.

“कल्ले पुढे वळलेत याचे. अमोनिया किती येतोय?”

“शून्य,” चिरंजीव म्हणाले. “रोज सगळं पाणी बदलतो.”

“बदलायचं पाणी आधी फ्रीजमध्येच गार करता ना? का एकदम नळाचं?”

“आधीच गार करून.”

“मिठाचं पाणी देऊन पाहिलंत?”

पुढचा अर्धा तास आम्ही दोन्हीकडची वडीलधारी मंडळी स्वयंपाकघराच्या दारात उभी होतो. बसा म्हणायचं कुणाला सुचलं नाही. आई तेवढी खुर्चीत होती.

अडचण नंतर निघाली. मुलीकडे फ्लॉवरहॉर्न आहे. हा मासा नदीत, तळ्यात कुठेच जन्मला नाही. मलेशियाकडच्या लोकांनी मध्य अमेरिकेकडच्या सिक्लिड माशांचे संकर करून तो १९९० च्या दशकात घडवला. कपाळावर मोठं टेंगूळ, ते जितकं मोठं तितकं घराचं भाग्य मोठं अशी तिकडची समजूत, आणि अंगावरच्या ठिपक्यांत लॉटरीचे आकडे वाचणारेही आहेत. स्वभावानं असा की काचेबाहेरच्या बोटावरही धावून येतो. त्याला अठ्ठावीस-तीस अंश लागतात. म्हणजे गुण जुळले सत्तावीस आणि पाण्यात फरक पडतोय दहा अंशांचा.

तेव्हा दोन टाक्या लागणार. रावसाहेबांचा खर्च उन्हाळ्यात, फ्लॉवरहॉर्नच्या हिटरचा हिवाळ्यात, त्यामुळे बिल बारमाही. परवाच्या बैठकीत मुलीच्या वडिलांनी रीत म्हणून विचारलं, आपल्याकडून काही अपेक्षा? मी म्हणालो, आमच्यात घेत नाहीत. चिरंजीव मागून हळूच म्हणाले, “चिलर...” मुलीनं त्याला तिथेच थांबवलं. चिलर ती स्वतःच्या पगारातून घेणार आहे, बिल तिच्या नावावर राहील आणि तो बसवायच्या आधी आमच्या घराचं अर्थिंग तपासून मिळालं पाहिजे. वायरमन उद्या येतो म्हणालाय.