काका, अगदी खरं सांगा

मुलुंड पूर्वेला मिठागर रोडच्या बाजूच्या कुठल्याही सोसायटीत रात्री अकरानंतर खाली उभं राहून वर पाहिलं, तर एक तरी खिडकी जांभळी दिसते. आत सीएची परीक्षा देणारा मुलगा असेल असं वाटून घेऊ नये. त्याची खिडकी पांढरी असते. जांभळ्या खिडकीत प्रोड्युसर बसलेला असतो. आमच्या पिढीला प्रोड्युसर म्हटलं की सफारी घातलेला आणि बॅगेत रोकड घेऊन हिंडणारा गृहस्थ डोळ्यांपुढे येतो. या प्रोड्युसरकडे रोकड नसते. तो दिवसा ऐरोलीत नोकरी करतो, संध्याकाळी खाडीवरचा पूल ओलांडून घरी येतो, आमटी-भात जेवतो आणि दार लावून घेऊन ट्रॅक बनवत बसतो.

त्याला एक टोपणनावही असतं. ते करायची कृती सोपी आहे. आडनाव इंग्रजीत लिहायचं आणि त्यातले स्वर काढून टाकायचे. पटवर्धन असेल तर सात व्यंजनं उरतात, ती कुणालाच उच्चारता येत नाहीत आणि त्यामुळे नाव भारदस्त वाटतं. रुळांच्या पलीकडे, पश्चिमेला, आमच्या प्रोड्युसरचा एक शहा आडनावाचा मित्र आहे. त्याचं या पद्धतीने 'श्श' झालं. या नावाने तो लोकांच्या कानठळ्या बसवतो.

खोली बारा बाय दहाची. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले. घरात अंडं आणायला बंदी आहे, ट्रे मात्र कपाटाच्या मागेसुद्धा आहेत. आलेला प्रत्येक पाहुणा भिंतीकडे बघून काहीतरी विचारू की नको अशा अवस्थेत असतो, तेवढ्यात आजी सांगून टाकते, "रिकामेच विकत आणलेत हो." एवढं करून या ट्रेंचा खर्जाच्या आवाजावर काहीही परिणाम होत नाही. पण ते आजीला सांगायची कुणाची छाती नाही.

तो जे बनवतो त्याला डबस्टेप म्हणतात. २००० सालाच्या आगेमागे हे संगीत दक्षिण लंडनमध्ये जन्माला आलं. क्रॉयडन नावाच्या उपनगरात बिग ॲपल नावाचं तबकड्यांचं दुकान होतं, तिथे पडीक असलेल्या पोरांनी ते वाढवलं. "क्रॉयडन म्हणजे लंडनचं मुलुंडच समजा काका," असं त्याने मला सांगितलं. मी नकाशा काढून पाहिला. खोटं नाही. शहराचं अगदी टोक, पलीकडे दुसरा जिल्हा, आणि दादरकरांना 'एवढ्या लांब?' असं म्हणता येईल इतकं अंतर.

मिनिटाला १४० ठोके पडतात, पण टाळी निम्म्याच वेगाने येते, त्यामुळे घाई आणि आळस एकाच वेळी ऐकू येतात. खर्ज इतका खालचा की कानांआधी बरगड्यांना कळतो. त्यात तो सुप्रसिद्ध 'वॉब वॉब' आवाज. एक संथ लहर फिल्टरला सतत उघडझाप करायला लावते, त्यातून तो निघतो. सुरुवातीला मिनिट-सव्वा मिनिट वातावरणनिर्मिती, मग क्षणभर शांतता, आणि मग सगळं एकदम कोसळतं. त्याला ड्रॉप म्हणतात. घरात पहिला ड्रॉप झाला तेव्हा आईने स्वयंपाकघरात जाऊन मिक्सरचा प्लग काढला होता.

या सगळ्यावर एक बाई अरबीत गाते. ती कोण, कुठली, काय म्हणते, हे याला ठाऊक नाही. विकत मिळणाऱ्या सॅम्पल पॅकमधून ती आलेली आहे. अरबीच का, असं मी विचारलं. "मराठी शब्द घेतले की लोक शब्द ऐकत बसतात हो!"

आत्याने ट्रॅकचे पहिले दहा सेकंद ऐकून निकाल दिला, की हे इम्रान हाश्मीचं आहे. आत्या फार चुकली नव्हती. 'मर्डर'मधलं 'कहो ना कहो' हे अम्र दियाबच्या २००० सालच्या 'तमल्ली मआक'वरूनच उचललेलं आहे आणि त्यातही अरबी ओळी आहेत. त्याच्याही आधी, खालेदचं 'दीदी' १९९२ साली आलं तेव्हा आमच्याकडच्या वराती त्यावर नाचल्या होत्या. नवऱ्यामुलाच्या मामाने घोड्यापुढे बसकण मारून केलेला तो नाच ज्यांनी पाहिला, त्यांनी तरी या मुलाला 'अरबी कशाला' म्हणून विचारू नये.

आजीचं प्रकरण वेगळं. तिने संगीताच्या परीक्षा दिलेल्या आहेत. तिने डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाली, "रिषभ कोमल, गंधार शुद्ध, वर धैवत-निषाद कोमल. बसंतमुखारी आहे हा. सकाळचा राग रात्री दीड वाजता काय लावतोस?" पॅकवर 'हिजाज' असं लिहिलं होतं. अरबांचा हिजाज मकाम आणि आपला बसंतमुखारी यांचे सूर बरेचसे जुळतात, हे त्याला आजीकडून कळलं. दुसऱ्या दिवसापासून तो मकाम आणि राग यांच्या नात्यावर लोकांना व्याख्यान देऊ लागला. त्यात आजीचा उल्लेख नसतो.

पण ट्रॅक बनवणं हा या माणसाचा खरा उद्योग नव्हेच. त्याचा खरा उद्योग म्हणजे फीडबॅक मागणं. "काका, अगदी खरं सांगा. बरं वाटावं म्हणून सांगू नका." हे वाक्य म्हणताना तो प्रामाणिक असतो. पुढच्याच वाक्यापासून मात्र बचावाचं काम सुरू होतं. अजून मास्टरिंग व्हायचंय. फोनवर ऐकू नका, हेडफोन लावा. हे हेडफोन नकोत, माझे घ्या. सुरुवातीला जरा संथ वाटेल, दुसऱ्या मिनिटापर्यंत थांबा. आणि व्हॉट्सॲपवर पाठवलेली फाइल ऐकू नका, त्यात आवाज दबतो. मी डॉक्युमेंट म्हणून वेगळी पाठवलीय. एवढ्या अटी मान्य करेपर्यंत माणूस थकतो आणि मग ट्रॅक सुरू होतो.

समोर बसून ऐकावं लागलं तर हाल विचारू नका. तो ट्रॅक ऐकतच नाही, तुमचा चेहरा ऐकतो. तुम्ही भुवई उचलली की तो पॉज करून विचारतो, "काय झालं? हाय-हॅट टोचतंय का?" नाक खाजवायची सोय नाही. मान हलवावी तर कुठल्या ठोक्यावर, हे कळत नाही. निम्म्या वेगाने हलवली तर झोप आल्यासारखं दिसतं, पूर्ण वेगाने हलवली तर डॉक्टरकडे नेतील. आणि धीर करून एखादी चूक दाखवलीच, तर उत्तर तयार असतं. "ते मुद्दाम ठेवलंय." मध्येच खरखर येते? मुद्दाम. बाईचा आवाज अर्ध्यात तुटतो? मुद्दाम. शेवट नाहीच? ते तर फारच मुद्दाम.

अरबी गाण्यात ही पंचाईत नव्हती, असं तोच मला एकदा म्हणाला. उम्म कुलथूम गायला उभी राहिली की एकेक गाणं तासभर चालायचं. एखादी ओळ भिडली की कैरोचं थिएटर ओरडून दाद द्यायचं, आणि ती तीच ओळ फिरून वेगळ्या अंगाने गायची. फीडबॅक तिथल्या तिथे. मी म्हटलं, बाबा रे, आपल्याकडेही बालगंधर्वांना वन्स मोअर घेता घेता पहाट व्हायची. तो म्हणाला, "मग आता काय झालं?" मला उत्तर देता आलं नाही. मुलुंडच्या कालिदास नाट्यमंदिरात नाटकाला जाणाऱ्या मंडळींना मी बरीच वर्षं ओळखतो. मध्यंतरातल्या बटाटेवड्याबद्दल ते सविस्तर आणि निर्भीड बोलतात. नाटकाबद्दल विचारलं की म्हणतात, "चांगलं आहे. बघायला हरकत नाही."

तर हा मुलगा असल्या लोकांत खरं ऐकायला निघाला होता. चार मिनिटांचा ट्रॅक कुटुंबाच्या ग्रुपवर पडला की सहाव्या सेकंदाला पहिला अंगठा येतो. मावशी 'छान! असाच मोठा हो' लिहिते. मस्कतला उभी हयात काढून आलेले एक काका आहेत. निदान ते अरबी तरी तपासतील म्हणून हा त्यांच्याकडे गेला. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "अरबी मला कुठे येतं? आमच्या ऑफिसात सगळे मल्याळी होते." नंतर त्यांनी त्याला थोडं मल्याळम बोलून दाखवलं.

वडिलांनी पेपर वाचता वाचता फोनच्या स्पीकरवर ऐकलं आणि 'यात नुसती टिकटिक आहे' असं म्हणाले. हे वरवर अडाणीपणाचं वाटतं, पण अक्षरशः खरं होतं. फोनच्या चिमुकल्या स्पीकरला खालचा खर्ज पेलतच नाही. मुलाने महिनाभर ज्या बेसवर जीव टाकला, तो वडिलांच्या कानापर्यंत पोचलाच नव्हता. मुलाने न्यूक्लियाचं उदाहरण दिलं: उदयन सागर, आपल्याकडचाच माणूस, २०१५ साली 'बास रानी' हा अल्बम मुंबईच्या गणेशविसर्जनात ट्रकवरून वाजवून लोकांपुढे आणला, पुढे केवढं नाव झालं. वडिलांनी पेपरची घडी घातली. "त्याला ट्रक कुणी दिला?"

उरला तो श्श. त्या दोघांचा करार आहे: तुझं मी ऐकतो, माझं तू ऐक. त्यांची भाषा वेगळी. "मिक्स मडी आहे." "लो एंड बसत नाहीये." "किक आणि सब भांडतायत, साइडचेन कर." साइडचेन म्हणजे किक वाजली की सबने तेवढ्यापुरतं मागे सरायचं, जसं लोकलच्या दारात उतरणारा आला की चढणाऱ्याने सरायचं असतं. जन्म मुलुंड स्टेशनवर काढलेल्या मुलाला ही कल्पना समजायला वेळ लागला, यात नवल नाही. हा फीडबॅक बिनचूक असतो, पण त्याने कुणाचंच समाधान होत नाही. कारण श्श ट्रॅक सरळ ड्रॉपपर्यंत पुढे ढकलून ऐकतो. हाही त्याचा तसाच ऐकतो. दोघांनाही ते माहीत आहे.

आता तळमजल्याच्या काकूंविषयी. त्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या. त्यांचं घर प्रोड्युसरच्या बरोबर खाली. मी सोसायटीचा सेक्रेटरी असल्यामुळे तक्रारवही माझ्याकडे असते. एका सकाळी त्यात लाल शाईने नोंद आली: 'काल रात्री ११.४० ला वरच्या घरातून धक्के जाणवले. पहिल्या धक्क्याला मांडणीवरची ताटं, दुसऱ्याला खिडकीची काच. मधल्या वेळात कपाटातली कपबशी एकसारखी थरथरत होती. रात्री दहानंतरचा नियम सर्वांना लागू आहे का, याचा खुलासा व्हावा.'

मी वही घेऊन वर गेलो. आता खरडपट्टी काढायची या तयारीत होतो. मुलाने नोंद वाचली आणि त्याचा चेहरा असा फुलला की मला खुर्चीवर बसावं लागलं. "काका, काकूंना दोन्ही ड्रॉप कळलेत! वेगवेगळे!"

त्याने मला त्यामागचं कारण समजावलं. ५० हर्ट्झच्या आवाजाची एक लहर जवळजवळ सात मीटर, म्हणजे बावीस-तेवीस फूट लांब असते. याची खोली बारा फुटांची. तेवढ्यात ती लहर कोपऱ्यात फुगते, मध्यभागी हरवते, आणि नेमका त्याची खुर्ची आहे तिथे तिचा पत्ता नसतो. म्हणून तो बेस वाढवत नेतो. वाढवलेला बेस स्लॅबमधून खाली जातो आणि तिथे त्याला हवं ते सगळं मिळतं: जमीन, भिंती, लोखंडी मांडणी, स्टीलची ताटं. लंडनच्या पोरांना ज्यासाठी मोठाले स्पीकर भाड्याने आणावे लागत, ते काकूंकडे संसारात जमलेलं होतं. आख्ख्या इमारतीत त्याचा ट्रॅक संपूर्ण ऐकलेली एकच व्यक्ती होती, आणि तिला त्याने कधी विचारलंच नव्हतं.

संध्याकाळी तो पेढे घेऊन खाली गेला. मीही गेलो, कारण सेक्रेटरीने जायला हवं.

"काकू, सॉरी. पण एक विचारू? ताटं जास्त वाजली की काच?"

काकूंनी चष्मा पुसला. आधी वाटलं, आता याला पायांचे अंगठे धरून उभं करणार. पण आयुष्यभर पेपर तपासलेल्या माणसाला उत्तर तपासून द्या म्हटलं की राग बाजूला ठेवावा लागतो. "ताटं. आणि ती सारखी वाजतात. काच एकदाच वाजते, ती बरी वाटते."

"म्हणजे पंचेचाळीसच्या आसपास कमी करायला हवं," असं पुटपुटत याने फोनमध्ये लिहून घेतलं. "अजून?"

"अजून म्हणजे, ती बाई कशाला रडते?"

"रडत नाही काकू, गाते."

"मग तिला गाऊ दे ना पूर्ण. वाक्य अर्ध्यात तोडू नये. कुणाचंही."

खोली बदलली, वेळ साडेनवाची ठरली, स्पीकरखाली रबराच्या चकत्या आल्या. आवाज उतरला, पण गेला नाही. काकूंची तशी इच्छाही दिसली नाही. पुढच्या मसुद्याच्या वेळी त्यांनी कपबशा मुद्दाम मांडणीच्या कडेला आणून ठेवल्याचं त्यांच्या कामवालीने मला सांगितलं.

तक्रारवहीत आता शेवटची नोंद काकूंची आहे. 'नवीन गाण्यात बाईचा आवाज फार मागे गेला आहे. कृपया दखल घ्यावी.' नियमाप्रमाणे मी ती संबंधित सदस्याला दाखवली. सदस्याने खाली बॉलपेनने खुलासा लिहिला: 'ते मुद्दाम ठेवलं आहे.' वही सहीसाठी पुन्हा तळमजल्यावर गेली. परत आली तेव्हा खुलाशाखाली लाल शाईत एकच शब्द होता: 'तरीही.'