साठ-चाळीस

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये कुणी उकिडवं बसून स्वतःच्या मोटारसायकलच्या चाकाकडे टक लावून बघत असेल, तर त्याच्या जवळून जाताना "काय रे, पंक्चर का?" असं विचारू नये. मी विचारलं. त्याला तीन वर्षं झाली. उत्तर अजून चालू आहे.

"पंक्चर नाही हो काका. विचार करतोय. साठ-चाळीस घेऊ की पन्नास-पन्नास?"

मला वाटलं, जागेचा व्यवहार आहे. आमच्या कोथरूडात सध्या जो भेटतो तो टक्क्यांतच बोलतो. बिल्डरला किती, सभासदांना किती. मी म्हटलं, "पन्नासच्या खाली उतरू नकोस, नंतर पस्तावशील." त्याचे डोळे चमकले. "म्हणजे तुम्हीही ऑफरोडवाले?" त्या दिवसापासून मी त्याच्या विश्वासातला माणूस झालो आणि तो सोसायटीत साठ-चाळीस झाला. खरं नाव दारावरच्या पाटीवर आहे. ते फक्त कुरिअरवाले वापरतात.

भानगड अशी आहे. डांबरी रस्ता आणि कच्चा रस्ता दोन्हींवर चालणारे टायर मिळतात. साठ-चाळीस म्हणजे साठ टक्के डांबर, चाळीस टक्के माती. पहिला आकडा जेवढा मोठा, तेवढा टायर सोज्ज्वळ. तो घसरत गेला की टायरवर बर्फीच्या वड्या पाडल्यासारखे रबराचे ठोकळे दिसू लागतात आणि त्यांच्यामध्ये बोट जाईल एवढे चर. चिखलात या वड्या दात रोवतात, चर चिखल बाहेर फेकतात. डांबरावर मात्र टेकायला रबरच कमी पडतं. मग ओल्या रस्त्यावर ब्रेक उशिरा लागतो, वळणावर वड्या लुसलुसतात, लवकर झिजतात आणि झिजेपर्यंत गुणगुणत राहतात. साठ-चाळीस चौकात पोचला की त्याच्या बायकोला चौथ्या मजल्यावर कळतं. ती कुकर लावते.

आता यातली गंमत म्हणजे हे टक्के कुणी फूटपट्टी लावून मोजलेले नसतात. ज्या त्या कंपनीचा तो अंदाज. एकीचा पन्नास-पन्नास दुसरीच्या साठ-चाळीसपेक्षा गुळगुळीत निघू शकतो. फ्लॅटच्या जाहिरातीतल्या 'स्टेशनपासून पाच मिनिटे'सारखंच हे, पाच मिनिटं कुणाची ते आपण ठरवायचं. ही गोष्ट मला त्यानेच सांगितली, आणि सांगून झाल्यावर पंचावन्न-पंचेचाळीस असा टायर कुठे मिळेल याची चौकशी करायला नाना पेठेत निघून गेला.

गाडी त्याच्याकडे हिमालयन आहे, २०१६ साली बाजारात आली ती पहिली. पुढचं चाक एकवीस इंची, मागचं सतरा. मोठं चाक दगडावरून, खळग्यातून सहज चढून जातं म्हणून पुढचं मोठं. घरोघरी आरत्या पाठ असतात तसं याला 'नव्वद भागिले नव्वद, एकवीस' पाठ आहे. म्हणजे रुंदी नव्वद मिलिमीटर, उंची त्या रुंदीच्या नव्वद टक्के, रिम एकवीस इंची. मागचा एकशेवीस भागिले नव्वद, सतरा. बायकोच्या बांगडीचं माप त्याने मला फोन करून विचारलं होतं. मला काय माहीत असणार!

त्याच्याबरोबर रस्त्याने चालणं ही एक शिक्षाच आहे. उभी दुचाकी दिसली की हा वाकतो. टायरच्या कडेवर चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. '२३१९' दिसलं की हा मालकाला शोधून सांगतो, "तुमचा टायर २०१९च्या तेविसाव्या आठवड्यातला आहे." एका आजोबांनी त्याला "बरं, मग वाढदिवस करायचा का?" असं विचारलं होतं. कडेवर शेवटी एक इंग्रजी अक्षरही असतं, ते वेगाचं. 'क्यू' म्हणजे ताशी १६०, 'एस' म्हणजे १८०. क्यू घ्यावा की एस, या प्रश्नाने त्याचा एक अख्खा श्रावण खाल्ला. त्याची गाडी १३०च्या आसपास धापा टाकू लागते आणि तो स्वतः रोज सकाळी हिंजवडीच्या वाटेवर रिक्षाच्या मागे पहिल्या गिअरमध्ये उभा असतो, हे कुणी काढलं नाही. मीही नाही. शेजारधर्म असतो.

काढलं शेवटी बायकोने. ती सीए आहे. मार्चअखेरीला सगळ्या जगाचे हिशेब संपल्यावर तिने याच्या गाडीचा हिशेब घेतला आणि कागद मला आणून दाखवला. "काका, वर्षभरात गाडी चालली ६,२०० किलोमीटर. त्यातला कच्चा रस्ता १९. म्हणजे नव्व्याण्णव पूर्णांक सात दशांश – शून्य पूर्णांक तीन दशांश. असा टायर मिळतो का, विचारा त्याला. आणि त्या एकोणिसातले अकरा आपल्याच गल्लीतले आहेत, ड्रेनेजसाठी खणली होती तेव्हाचे."

मी विचारलं. तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "काका, पण लडाख?"

हा लडाख त्याच्या प्रत्येक वादात शेवटचा साक्षीदार म्हणून येतो. अजून तो गेलेला नाही. दर जूनमध्ये जाणार असतो. कधी मुलीची दहावी निघते, कधी कंपनीचं काम, एकदा टायरच ठरला नाही म्हणून राहिलं. आणि इकडे याचं ठरेपर्यंत तिकडे लडाख थांबायला तयार नाही. रोहतांगचा तो प्रसिद्ध चिखल, ज्यासाठी याने पन्नास-पन्नास मनात धरला होता, त्याच्या पोटातून २०२० साली ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा निघाला. उमलिंग ला म्हणजे तर १९,०२४ फूट, आणि तिथे सीमा रस्ते संघटनेने डांबर घातलं. २०२१ साली गिनेसमध्ये नोंदसुद्धा झाली. सगळा देश अभिमानाने बातमी वाचत होता. हा पेपर घडी घालून म्हणाला, "आता तिथेही ऐंशी-वीस पुरेल." घरात कुणाचं काही बरंवाईट झाल्यावर काढतात तसा तो आवाज होता.

शेवटी टायर आले. एका खोक्यात दोन, आणि खोक्याभोवती आम्ही सहा जण. ते बसवायला दुकानात न्यावेत हे ठरलेलं होतं. पण ऐन वाळवंटात पंक्चर झाली तर, असा मुद्दा निघाला आणि त्याने स्वतःच बसवायचं ठरवलं. टायरची कडा रिमला इतकी घट्ट धरून बसते की लाथांनी सुटत नाही. ती सोडवायची युक्ती अशी की चाक आडवं ठेवायचं आणि दुसऱ्या गाडीचं साइड स्टँड टायरवर रोवून वरून भार द्यायचा.

"काका, तुमची स्कूटर जरा देता? आणि तुम्हीही."

म्हणजे भार मी. एकोणसाठाव्या वर्षी, रविवारी सकाळी, लेंग्यावर, तिरप्या स्कूटरवर मी सव्वा तास बसलो होतो. वरच्या गॅलरीतून आमच्या हिने विचारलं, "कुठे निघालात?" सांगणार काय?

कडा सुटली. नवा टायर साबणाच्या पाण्याने आत गेला. शेवटच्या वीतभर कडेला त्याने टॉमी घातली, जोर केला आणि टॉमीच्या टोकाने नवीकोरी ट्यूब चावली. दुसरी ट्यूब आणली. तीही चावली. तिसरीला मी घरी जाऊन आंघोळ केली. संध्याकाळी दोन्ही चाकं गाडीला होती आणि याच्या बोटांना पट्ट्या. पुढचे आठ दिवस हा आम्हाला सांगत होता, "पकड जाणवते, काका! मागचं चाक बोलतं माझ्याशी." नवव्या दिवशी हवा भरायला थांबला तेव्हा पंक्चरवाले मामा तंबाखू मळत म्हणाले, "साहेब, मागचा टायर उलटा घातलाय. बाण बघा की." टायरच्या कडेवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो. सगळे आकडे, सगळी अक्षरं वाचणाऱ्या माणसाने तेवढा बाण वाचला नव्हता.

मामांनी वीस मिनिटांत काढला, फिरवला, घातला. ट्यूब चावली नाही.

टायरची परीक्षा मुळशीला झाली. ताम्हिणीच्या रस्त्याने जायचं, वाटेत मिसळ खायची आणि धरणाच्या पाण्याकडे उतरणाऱ्या एका कच्च्या वाटेला गाडी घालायची, असा बेत. मागे मी. (हो म्हणायला नको होतं, पण मिसळ होती.) वाटेच्या तोंडाशी त्याने गाडी थांबवली आणि टायरमधली हवा सोडायला घेतली. हवा कमी केली की टायर पसरतो, जमीन जास्त धरतो. फार सोडली तर दगडावर आपटून रिमला पोचा येतो, ट्यूब रिममध्ये चिमटते. म्हणून छोटा गेज लावून एकेक पौंड, बत्तिसावरून बाविसावर. हे चाललेलं असताना मागून दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन अडकवलेली एक शंभर सीसीची गाडी आली. टायरवरची नक्षी कधीच पुसून गेलेली. दूधवाला थांबला. भला माणूस.

"हवा गेली का?"

"नाही, मी सोडतोय."

तो विचारात पडला. मग हळू आवाजात, आजारी माणसाच्या नातेवाइकाला विचारावं तसं, त्याने मला विचारलं, "कशापायी?"

मी पाण्याकडे पाहिलं. तो कॅन वाजवत वाट उतरून गेला. दूध घालून परत आला तेव्हा आम्ही अठरा पौंडावर चुकून गेलो होतो आणि हातपंपाने परत चार भरत होतो.

वाट एकूण सहाशे मीटर होती. पाचशे मीटर गाडी झक्क गेली. खरंच गेली, उगाच कशाला नावं ठेवू? लाल चिखलातून मागचं चाक असं काही ओढत होतं की मला पोटात गुदगुल्या झाल्या. उरलेल्या शंभरांत आम्ही पडलो. पडलो म्हणजे अगदी सावकाश, पंगतीला बसावं तसे बसलो. त्याने आधी मला उठवलं नाही, गाडीलाही नाही. आधी टायरवरच्या चिखलाचा फोटो काढला. तो चिखल पुढे तीन आठवडे पुसायचा नाही अशी वॉचमनला ताकीद होती. हिंजवडीच्या पार्किंगमध्ये, धुतलेल्या गाड्यांच्या रांगेत ती एकच गाडी माखलेली उभी असायची आणि तिच्याकडे येणाऱ्या नजरा तो काचेआडून मोजायचा.

आणि मग मागच्या पावसाळ्यात आमची गल्ली पुन्हा खणली. या वेळी केबलसाठी. खणून माणसं गेली आणि पाऊस आला. चार दिवस गुडघाभर चिखल. रिक्षा आत येईनात, स्कूटर रुतायच्या, शाळेची बस कोपऱ्यावर थांबून हॉर्न वाजवायची. साठ-चाळीस सकाळी साडेसहाला खाली आला. बावीस पौंड. ए विंगची मुलं, बी विंगची मुलं, तिसऱ्या मजल्यावरच्या आजींचा डायलिसिसचा दिवस, जोशांचा गॅस सिलिंडर, सगळं एकेक करून त्याने कोपऱ्यापर्यंत पोचवलं. त्या चार दिवसांत तो एकदाही घसरला नाही आणि एकदाही टायरबद्दल बोलला नाही. बायको गॅलरीत उभी होती. संध्याकाळी तिने कागदावर काहीतरी खोडून पुन्हा मांडलेलं मी पाहिलं.

दिवाळीत गल्लीचं काँक्रीट झालं. पाडव्याच्या सकाळी तो पुन्हा उकिडवा बसलेला दिसला. काँक्रीटवर वड्या भराभर झिजतात म्हणे. आता सत्तर-तीस.

तर जुना जोड आमच्या जिन्याखाली पडून आहे. पुढचा एकवीस इंची, मागचा सतरा, वड्या अजून भरपूर शिल्लक. कुणाला हवा असेल तर रविवारी अकराच्या आत येऊन घेऊन जावा, किमतीचं बघू. फक्त 'का काढले?' एवढं त्याला विचारू नका. आणि स्कूटरवर येणार असाल तर ती बाहेरच लावा.