परतावेकर नाना

आमच्या सोसायटीत ऑनलाइन वस्तू मागवणारे पुष्कळ आहेत. ती परत पाठवता येईल या आशेने मागवणारे एकटे नाना. डोंबिवलीत आडनावांचा तुटवडा नाही, तरी लोकांनी त्यांना ‘परतावेकर’ हे जादा आडनाव बहाल केलंय आणि नाना ते पदवीसारखं मिरवतात.

पार्सल आलं की नाना ते उघडत नाहीत, त्याचा पंचनामा करतात. नातवाने मोबाईल धरायचा, खोक्याशेजारी त्या दिवसाचं वर्तमानपत्र ठेवायचं आणि नानांनी कॅमेऱ्यात बघून सांगायचं, “चिकटपट्टी शाबूत. डावा कोपरा दबलेला.” मग कात्री. आतली इस्त्री धड निघाली की घरावर अवकळा पसरते. “चालतेय,” एवढंच म्हणून नाना आत जाऊन पडतात.

दोष निघाला तर मात्र माणूस दहा वर्षांनी तरुण दिसतो. २०२० चे ई-कॉमर्स नियम त्यांना तोंडपाठ आहेत. माल सदोष, बनावट, जाहिरातीत सांगितला त्याहून वेगळा किंवा कबूल केलेल्या तारखेनंतर आलेला असेल, तर विक्रेत्याला तो परत घ्यायला नकार देता येत नाही. तक्रारीची पोच ४८ तासांत, निवारण महिन्याच्या आत. नाना सत्तेचाळिसाव्या तासाचा गजर लावतात आणि पोच वेळेत आली की चडफडतात.

फोनवरची मुलगी म्हणते, “तुमची गैरसोय मी समजू शकते, सर.”

“समजू नका, नोंदवा. तक्रार क्रमांक?”

एकदा एका कंपनीने ऑर्डर रद्द केल्याबद्दल त्यांचे पैसे कापले. नानांनी शांतपणे विचारलं, “उद्या तुम्हीच माझी ऑर्डर रद्द केलीत, तर मला किती दंड भरता?” पलीकडे सुरावट वाजायला लागली. नाना डोळे मिटून ऐकत राहिले. कंपनी स्वतः असा भुर्दंड सोसत नसेल तर ग्राहकावरही लादायचा नाही, असा नियमच आहे. पैसे आले. मैफल छान झाली, असं नाना अजून सांगतात.

पैसे परत येण्याचा त्यांना आनंद होतो असा मात्र कुणी गैरसमज करून घेऊ नये. ऑनलाइन खरेदीत खात्यातून रक्कम गेली पण दुकानदाराला पोचलीच नाही, तर ती पाच दिवसांत परत यायला हवी. त्यापुढे दिवसाला शंभर रुपये भरपाई, असं रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्येच ठरवून दिलंय. नानांची अशी रक्कम पाचव्या दिवशी संध्याकाळी परत आली. त्या रात्री ते नीट जेवले नाहीत.

२०२३ च्या नोव्हेंबरात सरकारने ग्राहकाला गंडवण्याच्या तेरा ऑनलाइन युक्त्यांवर बंदी घातली, तेव्हापासून त्यांना नवा छंद लागलाय. न विचारता टोपलीत घुसवलेला विमा किंवा देणगी दिसली की ते जावयाला फोन करतात. परवा लिफ्टमध्ये मला पकडून मोबाईलचा पडदा दाखवला. एका ठिकाणी नकाराच्या बटणावर लिहिलं होतं, ‘नको, मला पैसे वाचवायचे नाहीत.’ “लाज आणतायत,” नाना खुशीत म्हणाले, “मला!”

सल्ला मागायला येणाऱ्यांची मात्र ते उलटतपासणी घेतात. तिसऱ्या मजल्यावरचा इंजिनीअर बूट परत करायचे म्हणून आला.

“दोष?”

“नाही.”

“वर्णनात फरक? उशीर?”

“वेळेत आले. नुसते आवडले नाहीत, नाना.”

नानांचा चेहरा पडला. माणूस खोटं सांगणारा नाही, तीच त्याची अडचण. आपल्या कायद्यात मन बदलण्याला जागा नाही. तिथे विक्रेत्याचं धोरण सांगेल ते ऐकायचं. युरोपात ऑनलाइन घेतलेल्या बहुतेक वस्तू चौदा दिवसांत कारण न सांगता परत करता येतात. लोक आल्प्स बघायला जातात. नानांना तिथे जाऊन एखादी वस्तू विनाकारण परत करायची आहे.

ग्राहक आयोगात जायचं त्यांचं स्वप्न तेवढं अपुरं आहे. कंपनी बंगळुरूची असो की गुरगावची, आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्कही नाही. पण कंपन्या आधीच नमतात. तक्रारीची मुदत दोन वर्षं, म्हणून सगळ्या पावत्या तेवढा काळ फायलीत. आमच्या रद्दीवाल्यालाही आता ती मुदत पाठ झालीय.

गेल्या महिन्यात मात्र संधी चालून आली. मागवली होती मोरपंखी साडी, आली वांगी रंगाची. नानांनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी छापले, १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर काय बोलायचं ते कागदावर उतरवलं आणि साडी घ्यायला कपाट उघडलं. साडी नव्हती. ती नेसून माई हळदीकुंकवाहून परतत होत्या.

“अगं, घडी मोडलीस?”

“फॉल-पिको पण करून घेतलं.”

“आता ते म्हणतील, वापरलेला माल!”

“म्हणू देत. मोरपंखी मला नकोच होती, तुम्हीच मागवलीत.”

नाना बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, “निदान रंग चुकला एवढं तरी लिहून कळवू त्यांना.”

“लिहिलंय मी सकाळीच,” माई म्हणाल्या. “पाच तारे दिलेत.”