पाव्हणं, आजोळ कुठलं?

शिरूर अनंतपाळहून निलंग्याला जाणाऱ्या एसटीत शेजारी अनोळखी माणूस बसला, की त्याची तपासणी सुरू होते. "कुठलं गाव म्हणायचं पाव्हणं?" मग आडनाव. मग आजोळ. एवढ्यावर जुळलं नाही तर त्याच्या बायकोचं माहेर विचारायचं, कारण माणूस बापाकडून निसटला तरी सासुरवाडीकडून सापडतोच. गाडी गावाबाहेर पडायच्या आत निकाल लागलेला असतो. "मंग तुमी तर आमच्या थोरल्या आत्याच्या दिराचे व्याही निघालाव की!" या तपासणीत कुणाला थुंकी द्यावी लागत नाही. खिडकीशी बसलेल्याची चुकवावी लागते, एवढंच.

अमेरिकेतल्या माझ्या भाच्याने मात्र आपली थुंकी नळीत भरून, वर पैसे देऊन, डीएनए तपासणीला पाठवली. अहवाल आला: दक्षिण आशियाई, जवळजवळ शंभर टक्के. त्याची आई म्हणजे माझी थोरली बहीण. तिने फोनवरच विचारलं, "येवढे डॉलर घालून हेच कळलं व्हय रे? मला इचारलं असतास तर फुकट सांगितलं असतं."

खरी मजा पुढं होती. अहवालासोबत जगभरच्या 'संभाव्य नातेवाइकां'ची यादी आली. तिच्यात मूळचा उदगीरकडचा, आता टेक्सासात राहणारा एक गृहस्थ झळकला आणि 'तुमचे पणजोबा एक असावेत' असं कंपनीचं मत पडलं. अक्काने हिशोब मांडला. पणजोबा मुळीच एक नव्हते. पण त्या घरात आणि आमच्या घरात मागं दोनदा सोयरीक झाली होती आणि तिसऱ्यांदा ठरून मोडली होती. (मोडली का, हे तिने इतक्या सविस्तर सांगितलं, की भाच्याची सकाळची मीटिंग बुडाली.)

यात यंत्राचा फारसा दोष नाही. सख्ख्या आते-मामे भावंडांत सरासरी साडेबारा टक्के डीएनए सारखा असतो. पुढच्या पिढ्यांत तो झपाट्याने घटतो आणि त्या घटीवरून कंपनी नातं किती दूरचं ते ठरवते. पण हा हिशोब नवराबायको एकमेकांना परके आहेत असं धरून बांधलेला. आमच्याकडं मामाच्या मुलीवर हक्क सांगायची रीत, आईचं माहेर आणि आजीचं माहेर एकाच वाड्यात. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानं असली लग्नं निषिद्ध नात्यांत घातली, पण रूढी असेल तिथं सूट ठेवली, आणि रूढीची आमच्याकडं टंचाई नाही. त्यामुळं एकच डीएनए दोन-तीन वाटांनी घरात येतो आणि लांबचा पाहुणा यंत्राला जवळचा भाऊ वाटतो.

हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेतले के. थंगराज, लालजी सिंग आणि त्यांचे अमेरिकेतले सहकारी यांनी २००९ मध्ये दाखवलं, की आज भारतात राहणारे बहुतेक समाज दोन प्राचीन लोकसमूहांच्या मिश्रणातून आले आहेत. २०१३ च्या अभ्यासात काळही निघाला: हे मिश्रण साधारण ४२०० ते १९०० वर्षांपूर्वी जोरात चाललं आणि मग जो तो आपापल्यात लग्न करू लागला. म्हणजे आधी सगळ्यांशी सोयरीक होती, भावकी नंतर निघाली.

कोकणातल्या बेने इस्राएलांची गोष्ट याहून बोलकी आहे. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर आपल्या पूर्वजांचं गलबत फुटलं, असं ते पिढ्यान् पिढ्या सांगत आले. तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी बंद ठेवायचे. म्हणून गावानं त्यांना शनवार तेली म्हटलं आणि विषय संपवला. ते मराठी बोलत इस्रायलला गेले, तेव्हा तिथल्या धर्मगुरूंनी त्यांच्या लग्नांबाबत शंका काढल्या. आंदोलनं झाली, तेव्हा कुठं १९६४ साली त्यांना पूर्ण ज्यू म्हणून मान्यता मिळाली. जनुकांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला २०१६ मध्ये. त्यात ज्यू वारसाही निघाला आणि भारतीयही. ज्यू अंश पुरुषांकडून जास्त आलेला, भारतीय अंश बायकांकडून. गलबतातून कोण उतरलं ते सांगणारी कथा पिढ्यान् पिढ्या टिकली. किनाऱ्यावरच्या ज्या बायकांनी त्यांचे संसार थाटले, त्यांची नोंद घ्यायला प्रयोगशाळा लागली.

बायकांचं हे असंच होतं. आमच्या भावकीत चार-पाच पिढ्यांमागं फुटलेल्या घरातलं कुणी गेलं, तरी दहा दिवस सुतक. खापरपणजोबांचे बाप एक असलेल्या दोन माणसांत बऱ्याचदा सापडण्याजोगा एकही सारखा तुकडा उरत नाही, हे विज्ञान सांगतं. बांधावरून त्यांची कोर्टात केस चालू असते, हे तलाठी सांगतो. तरी सुतक दहा दिवस. आणि सासरी गेलेली सख्खी लेक, जिच्यात बापाचा निम्मा डीएनए शाबूत आहे, तिला बापाचं सुतक तीन दिवसांचं. रक्ताला न विचारता आपला कोण ते ठरवायची ही रीत मला एरवी आवडते. तिच्यामुळंच एसटीतला परका माणूस उतरताना "या की घराकडं" म्हणतो. पण हीच रीत वारसाची नोंद करताना पोरीला अलगद पाहुणी करून टाकते.

बाप गेल्यावर बहिणींना गाडी पाठवून बोलावतात. पुरणपोळी होते, साडीचोळी होते आणि मग हक्कसोडपत्रावर सही. अक्कानेही ती केली आहे. घेणाऱ्यांत मी होतो, साडीही चांगली होती. भाच्याने परवा सहज विचारलं, "मामा, आईचा आणि तुझा डीएनए सारखाच, मग शेत तुझ्या एकट्याच्या नावावर कसं?" मी म्हटलं, रेंज नाही.

महाराष्ट्रानं वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना हिस्सा दिला १९९४ मध्ये, देशानं २००५ मध्ये. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं, की मुलीला हा हक्क मुलासारखाच जन्मानं मिळतो. त्यासाठी नळीत थुंकावं लागत नाही.