अपर फिल्टर, लोअर फिल्टर

कॉम्प्युटरमधलं मला कळतं, असा आमच्या नातेवाइकांत समज आहे. तो मीच पसरवलेला. त्यामुळे इंदूरहून ताईने लेकीच्या लग्नाच्या, 2003 सालच्या, तीन चकत्या आमच्याकडे राऊ गावी पाठवल्या आणि "पेनड्राइव्हवर करून दे" म्हणाली, तेव्हा नाही म्हणायची सोयच नव्हती.

त्या व्हीसीडी. एकीत 74 मिनिटं, म्हणून सीमंतपूजन पहिलीत, मंगलाष्टकं दुसरीत आणि पंगत तिसरीत. फोटोग्राफरने सुरुवातीलाच नवरीचा चेहरा गुलाबातून उगवताना दाखवलाय. 352 बाय 288 ठिपक्यांत तो गुलाब कोबीचा गड्डा वाटतो.

महिनाभर फुकट चालणारं एक सॉफ्टवेअर टाकलं. ते म्हणालं, ऑप्टिकल ड्राइव्ह सापडला नाही. अरे, ड्राइव्ह समोर आहे! बटण दाबलं की ट्रे बाहेर येतो, चकती घातली की घरघर होते, दिवा लुकलुकतो. पण सॉफ्टवेअर रुसलेल्या वरपक्षासारखं. आपल्याच मांडवात आपल्याकडे बघायला तयार नाही.

मी केबल काढून लावली. फुंकर मारली. सॉफ्टवेअर काढून परत टाकलं. नवी साटा केबल आणायला इंदूरच्या जेल रोडला गेलो, तर दुकानदार माझ्याकडे बघत म्हणाला, "भिया, अब सीडी कौन देखता है?" केबल मात्र दिली. तिने काही फरक पडला नाही. मी तज्ज्ञाच्या सुरात 'हार्डवेअरचा प्रश्न आहे' असं ताईला कळवून टाकलं. माझं संशोधन असं आरामात चाललं होतं.

शेवटी पुण्याच्या भाच्याला फोन केला. त्याने डिव्हाइस मॅनेजर उघडायला लावला. ड्राइव्हच्या नावापुढे पिवळा त्रिकोण! पूर्वी कधी तरी मी सीडी बर्न करायचं जुनं सॉफ्टवेअर उडवलं होतं. ते गेलं, पण रजिस्ट्रीत आपली दोन नावं ठेवून गेलं. विंडोज त्या नावांच्या, आता नसलेल्या फाइली शोधत बसतं आणि ड्राइव्हला आत घेत नाही.

"मामा, आधी अपर फिल्टर उडवा, मग लोअर फिल्टर."

फोन स्पीकरवर होता. स्वयंपाकघरातून आवाज आला, "अहो, फिल्टरला हात लावू नका! परवाच कँडल बदललीय, आणि उद्या नळ नाही!"

तिची समजूत घालून दोन्ही नोंदी उडवल्या, कॉम्प्युटर पुन्हा चालू केला. त्रिकोण गेला, ड्राइव्ह आला! सॉफ्टवेअर उघडलं. आता त्याला ड्राइव्ह दिसत होता. पण फुकटची मुदत संपली होती.

"कसली डिस्क आहे हो, मामा?"

"व्हीसीडी."

पलीकडे जरा वेळ शांतता. "मग सॉफ्टवेअर कशाला? आत एमपीईजीएव्ही नावाचं फोल्डर असतं, त्यातली डॅट फाइल सरळ कॉपी करायची. आधी का नाही बोललात?"

मी त्याला म्हटलं, इकडे लाइट गेलीय रे, आणि फोन ठेवला.