वाघ यादीत नाही

४ मार्च आला की चंद्रपूरचे कारखाने एकदम सुरक्षित होतात. घुग्घुस असो की गडचांदूर, फाटकावर बॅनर, घोषवाक्य स्पर्धा, सामूहिक शपथ, समोसा. १० तारखेला सप्ताह संपतो आणि बॅनर गोदामात जातो.

शपथ देतो तो सेफ्टी ऑफिसर. हे पद असंच मिळत नाही बरं. महाराष्ट्राचे १९८२ चे नियम आहेत. अभियांत्रिकीची पदवी, कारखान्यात पर्यवेक्षकाचा अनुभव, वर सरकारमान्य औद्योगिक सुरक्षेची पदविका. शिवाय, त्या भागातल्या बहुसंख्य कामगारांची भाषा त्याला यायला हवी.

या शेवटच्या अटीची परीक्षा कोण घेतं?

कुणीच नाही.

चामोर्शी तालुक्यात मराठी, गोंडी, बंगाली कानावर पडते. कंत्राटी कामावर हिंदीचे चार प्रकार. फलकावर मात्र ‘असेंब्ली पॉइंट’. भोंगा वाजल्यावर तिथे जमायचं की तिथून पळायचं, ते ज्याचं त्याने ठरवावं.

दुसरीकडे ‘फायर ॲन्ड सेफ्टी’ची दुकानं. बारावी पास? सहा महिन्यांत डिप्लोमा, नोकरीची हमी! बाप उसनवारी करून फी भरतो. मुलाखतीत कळतं, मान्यता डिप्लोम्याला नव्हे, फक्त जाहिरातीला होती.

खाणीत तरी बरं. धनबादच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या प्रमाणपत्राशिवाय कोळसा खाणीत देखरेख करणारा सरदारही होता येत नाही. वायू ओळखण्याची परीक्षा वेगळी. जमिनीखाली कायदा बऱ्यापैकी जागा असतो.

जमिनीवर, झाडाखाली?

२०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने सेफ्टी ऑफिसरसाठी कारखान्यातली हजार कामगारांची मर्यादा पाचशेवर आणली. घातक प्रक्रियेत अडीचशे. उत्तम. आता मे महिन्यात सिंदेवाहीच्या जंगलात पाचशे बाया तेंदूपत्ता तोडायला शिरल्या तर? पहाटे निघा, वाकून पानं तोडा, ७० पानांचं पुडकं बांधा, फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, मोजून द्या. काम आहे, मजुरी आहे, ठेकेदार आहे, मुनशी आहे.

पण जंगल हा कारखाना नाही. आणि घातक प्रक्रियांच्या यादीत वाघ नाही.

वानर खेकसलं की कुठल्या बाजूला सरायचं, हे सांगणारी एखादी म्हातारी त्या बायांच्या टोळीत असते. तिचा अनुभव पर्यवेक्षकाचाच. पण पदविका कुठाय?

प्रशिक्षणाने सगळं सुटतं असंही नाही. २० नोव्हेंबर २०२१ ला ताडोब्यात वाघगणनेच्या कामासाठी पायी निघालेली महिला वनरक्षक वाघिणीच्या हल्ल्यात गेली. ती तर खात्याचीच, गणवेशातली. त्यानंतर पायी फिरण्याचं काम थांबवलं गेलं. ते आधी सुचायला कुठली पदवी लागते?

तेंदूवाल्या बाईला मात्र वाघाने मारलं, तर वारसांना २५ लाख. पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, वारस दाखला, बँकेचं पासबुक. इथे पात्रतेची एकही अट कुणी विसरत नाही.