बिनसंपाच्या कारखान्यासाठी वर्ध्याचे आवतण

श्री. कारखानदारसाहेब यांस,
मुक्काम मुंबई, पुणे किंवा जिथे आपला सीएसआर विभाग बसत असेल तिथे.



येरवड्याच्या तुरुंगात मोटारींच्या वायरिंगचे काम एका कंपनीने नेले, त्याला बरीच वर्षे झाली. मग आमच्या वर्ध्यानेच काय घोडे मारले?

जागा तर अशी की जाहिरातीला वेगळा खर्च नको. शेजारी सेवाग्राम. माहितीपत्रकावर चरखा छापा. गांधीजी येरवड्याच्या तुरुंगाला मंदिर म्हणत आणि पेटीचरख्याला येरवडा चरखा असेच नाव पडले, हेही छापा. त्या सुतावर कोणी लाभांश वाटला नव्हता, एवढे तेवढे वगळा. जिल्हा दारूबंदीचा, त्यामुळे पोलिसांच्या वहीत गुन्ह्यांचा तुटवडा नाही. अडचण एकच. जिल्हा कारागृहात मुख्यतः कच्चे कैदी, आणि खटला संपेपर्यंत त्यांच्यावर कामाची सक्ती करता येत नाही. सक्तमजुरीची मोठी शिक्षा झाली की माणूस नागपूरला नाहीतर अमरावतीला जातो. तेव्हा कारखाना तिकडे काढावा आणि उद्घाटनाचे भाषण सेवाग्रामला ठोकावे.

आता मजुरी. ऑगस्ट 2023 मध्ये कारागृह विभागाने दर वाढवले. अकुशल कैद्याचे दिवसाला 48 चे 53 रुपये झाले, कुशलचे 67 चे 74. त्याच वर्षी आमच्या जिल्ह्यातल्या देवळी तालुक्यात रोजगार हमीवर माती टाकणाऱ्या बाईचा सरकारी दर 273 रुपये होता. तुम्ही म्हणाल, आत जेवणखाण फुकट आहे. बरोबर. गुजरातच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही 1998 मध्ये तो खर्च हिशेबात धरायला मुभा दिली. पण मजुरी न्याय्य असावी आणि तिच्यातला काही भाग गुन्ह्यात पोळलेल्यांसाठी काढावा, हेही त्याच निकालात आहे. 53 रुपयांतून त्यांच्या पदरात काय पडणार, हे ज्याच्या घरचा माणूस गेला त्यालाच विचारा. शिवाय जेवण सरकारच्या, म्हणजे आमच्या खिशातून. तुमच्या कामगाराला आम्ही जेवू घालणार आणि नफा तुम्ही मोजणार! आभार नकोत, शेजारधर्म आहे.

देवळीच्या एमआयडीसीतला लहान वर्कशॉपवाला कुरकुर करील. त्याला वीजबिल, भाडे, पीएफ भरून तुमच्याशी भावात टक्कर द्यायची आहे. दुर्लक्ष करावे.

जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची मात्र थोडी कटकट आहे. सक्तीच्या श्रमाविरुद्धचा 1930 चा आंतरराष्ट्रीय करार भारताने 1954 मध्ये मान्य केला. शिक्षा म्हणून काम घ्यायला त्यात हरकत नाही, पण देखरेख सरकारची हवी आणि कैदी खासगी कंपनीच्या दिमतीला देता कामा नये. पळवाट आहे: कैद्याने राजीखुशीने काम पत्करले तर चालते. सही मिळेलच. दिवसभर बराकीत भिंत बघत बसायचे की वायरिंगचा हार्नेस बांधायचा, एवढ्यातूनच त्याला निवडायचे असते. ती राजीखुशी खरी ठरायला मजुरी आणि अटी बाहेरच्यासारख्या हव्यात, असेही तिथले तज्ज्ञ सांगतात. ते पान फाईलमध्ये तळाला ठेवावे.

थट्टा पुरे. काम नकोच, असे मी म्हणत नाही. आत नुसते बसून माणूस कुजतो. हातात कसब आले, घरी चार पैसे गेले, तर बायकोपोरांची आबही राहते. त्यासाठी तुमचे यंत्र आत आले तर मी दारात तोरण बांधीन. फक्त एक खुलासा करा. आत असताना ज्याच्या हातचा माल तुमच्या गुणवत्ता तपासणीत पास होतो, तोच माणूस सुटून तुमच्याच कारखान्याच्या गेटवर आला, की तुमचा एचआरवाला त्याच्याकडे पोलिसांचे चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र मागतो. ते त्याने कुठून आणायचे?

कळावे,
एक वर्धेकर

ता. क. सुटणाऱ्याला अनुभवाचा दाखला द्याल, तेव्हा 'कामाचे ठिकाण' या रकान्यात काय लिहिणार, ते उलट टपाली कळवावे. आणि त्याखालच्या 'शेवटचा पगार' या रकान्यात 74 रुपये लिहायला तुमचा एचआरवाला तयार आहे का, तेही.